गहाण ठेवलेला ठसा

साखळीच्या कारखान्याच्या जागी आता गोदाम आहे. पत्र्याची उंच भिंत, आत खोकी, दाराशी खुर्चीत पेंगणारा पहारेकरी. दमाने सकाळी फिरायला निघतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. भिंतीपाशी उभा राहून तो मनातल्या मनात जागा लावतो. इथे पहिली भट्टी. इथे पाण्याची कुंडी. इथे ताणयंत्र. आणि जिथे आता फुटकी खोकी रचली आहेत, त्या कोपऱ्यात आपली भट्टी. पहारेकऱ्याला सुरुवातीला त्याचा संशय यायचा. एकदा त्याने विचारलंच, "आजोबा, काही हरवलंय का?"

"हरवलं नाही," दमाने म्हणाला. "जागच्या जागी आहे का, ते बघतोय."

दमाने हे त्याचं आडनाव नव्हे. भट्टीवर उभा राहिला की तो घण मारणाऱ्यांना सारखा "दमाने, दमाने" म्हणायचा. तेच नाव पडलं. पुढे पोस्टमनही त्याच नावाने हाक मारायला लागला, आणि दमानेही ओ द्यायला लागला.

काम होतं जहाजाच्या नांगराच्या साखळ्या घडवण्याचं. एकेक कडी हाताने. मनगटाएवढा गज तापवायचा, वाकवायचा, दोन्ही टोकं ठोकून तिरकी पातळ करायची, मागच्या कडीत ओवायचा आणि पुन्हा भट्टीत सारायचा. खरं काम इथून पुढे. लोखंड पांढरं झालं, अंगावर घाम आल्यासारखं चमकायला लागलं, की ताव आला. जरा आधी बाहेर काढलं तर सांधा बसत नाही. जरा उशीर केला तर ठिणग्या उडतात आणि लोखंड जळून जातं. बरोबर वेळेला काढलं की ऐरणीवर दोन बाजूंनी दोन घण, आळीपाळीने. घाव कमी नको आणि जास्तही नको. "जास्तीचा घाव मारतोस म्हणजे आधीच्या घावावर तुझा विश्वास नाही," असं दमाने म्हणायचा आणि माणसाला घण खाली ठेवायला लावायचा.

प्रत्येक कारागिराचा स्वतःचा ठसा असे. पोलादाचा बोटभर तुकडा, त्याच्या टोकाला खूण कोरलेली. दमानेची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि मध्ये टिंब. साखळीचा तुकडा पुरा झाला की शेवटच्या कडीवर ठसा मारायचा, मग ती साखळी खेचून तपासायला ताणयंत्रावर जायची. उद्या भर समुद्रात साखळी तुटली, तर तुटली कुणाची हे कळलं पाहिजे. ठशाशिवाय कारागीर म्हणजे नुसता मजूर.

आणि त्या कारखान्याची एक रीत होती. कुणी कुणासाठी जामीन राहिला, तर त्याने तोंडाने शब्द द्यायचा नाही. आपला ठसा मुकादमाच्या खणात ठेवायचा. ज्याच्यासाठी ठेवला तो माणूस टिकला तर ठसा महिनाअखेर परत. तो निघून गेला तर ठसा खणातच. तो माणूस परत येऊन भट्टीशी उभा राहीपर्यंत ठसा मिळायचा नाही. रीत कुणी घातली हे कुणाला माहीत नव्हतं, पण मोडत कुणी नव्हतं.

कोपऱ्यातली भट्टी कुणाला नको असायची. तिथे उजव्या हाताने घण फिरवला की तो मागच्या भिंतीवर आदळायचा. ती दमानेच्या गळ्यात पडली, कारण तो सगळ्यांत नवा होता. मग एक दिवस साखळी तुटलेलं एक जहाज धक्क्याला लागलं. दुरुस्ती लांबली. त्यातला एक खलाशी रिकामा वेळ म्हणून कारखान्यात येऊन बसायला लागला, आणि बसून कंटाळला तेव्हा घण उचलला. डावखुरा होता. कोपऱ्यात असा चपखल बसला, की जणू भिंत त्याच्या मापाने बांधली होती.

तो पलीकडचा होता. पलीकडचा म्हणजे पाण्यापलीकडच्या देशातला. बोलायला लागला की सगळे कान टवकारायचे. तो भट्टीला "तो भट्टी" म्हणायचा आणि घणाला "ती घण". सहा महिन्यांत अर्धा कारखाना मस्करीने तसंच बोलायला लागला, आणि नव्याने लागलेल्यांना तेच बरोबर वाटायला लागलं.

दमानेची थोरली बहीण जवळच शिडांच्या कारखान्यात जाड कापड शिवायची. एकदा दमाने डबा घरी विसरला, तो द्यायला ती आली. तेव्हा तिने कोपऱ्यातला डावखुरा पाहिला. त्यानंतर दमाने रोजच डबा विसरायला लागला. म्हणजे तो बरोबर घ्यायचा, पण दाराबाहेर पडेपर्यंत डबा पिशवीत नसायचा. जहाज दुरुस्त होऊन गेलं. खलाशी राहिला, आणि दमानेचा भावोजी झाला.

दोन घरं शेजारी शेजारी, मध्ये एकच भिंत. चहा झाला की ताई लाटण्याने भिंतीवर टकटक करायची. यायचं असेल तर दमाने दोनदा ठोकायचा, नसेल तर एकदा. न ठोकता कुणी कुणाच्या घरात शिरत नसे. ती ताईची शिस्त होती.

ते दिवस आठवले की दमानेला आधी आठवतो तो आवाज. भिंतीपलीकडून येणारी ताईच्या लाटण्याची टकटक, आणि कारखान्यात भावोजींचा घण. दोन घणांच्या आवाजांत भावोजींचा कुठला हे तो डोळे मिटून सांगायचा. डाव्या हाताचा घाव जरा आतून यायचा.

बंदरावरच्या माणसांना देशांची नावं कधी लागली नाहीत. जिथून जे यायचं त्यावरून तो देश. गहू यायचा ते गहूवाले. ओंडके यायचे ते लाकूडवाले. एक चिमुकला देश होता, तिथून फक्त बाटल्यांची बुचं यायची, ते बुचवाले. कारखान्यात ताणयंत्र चालवणारा एक जण जेवणाच्या सुट्टीत पेपर मोठ्याने वाचायचा. त्याला सगळे बातमीदार म्हणत. त्या उन्हाळ्यात त्याने वाचलं, की लाकूडवाल्यांनी बुचवाल्यांच्या हद्दीत फौज घातली.

"मग बाटल्या आता चिंध्यांनी बंद करायच्या," कुणीतरी म्हणालं.

"हसू नका," बातमीदार म्हणाला. "हे आपल्यापर्यंत येतंय."

"बुचं?"

"लढाई. बुचवाल्यांना गहूवाल्यांनी शब्द दिलाय. तुमच्यावर कुणी हात टाकला तर आम्ही येऊ. आणि गहूवाल्यांना आपण दिलाय."

"आपण कधी दिला?" मुकादमाने विचारलं. "मी तर इथेच होतो."

बातमीदार उठला. त्याने जमिनीवर साखळीचे तुकडे मांडले. हा बुचवाला, हा गहूवाला, हे आपण. एकाला दुसरा आकड्याने अडकवला. समोर लाकूडवाल्याचा लांब तुकडा, आणि त्याला पलीकडच्यांचा. "तिकडे त्यांनीही एकमेकांना शब्द दिलेत." आपल्या तुकड्याचं शेवटचं टोक त्याने गंमत म्हणून दमानेच्या डब्याच्या कडीत अडकवलं. मग बुचवाल्याचा तुकडा एका हातात, लाकूडवाल्याचा दुसऱ्या हातात घेतला आणि खेचले.

गहूवाला सरकला. आपण सरकलो. दमानेचा डबा उपडा झाला आणि जेवण सगळं राखेत गेलं. समोरून पलीकडच्यांचा तुकडा घसरत आला तो भावोजींच्या बुटावर आपटला.

कारखाना पोट धरून हसला. "डबा शहीद झाला," मुकादम म्हणाला. दमानेही हसला. भावोजी हसत होते, पण वाकून त्यांनी तो तुकडा बुटावरून उचलला आणि हातात धरून राहिले. मग स्वतःचा डबा मध्ये ठेवला आणि म्हणाले, "घे. ताईनं दोघांना पुरेल एवढं दिलंय."

पुढे बातमीदाराने जमिनीवर मांडलं तसंच घडत गेलं. त्याच क्रमाने. गहूवाले उतरले. आठवड्याने आपण उतरलो. त्यानंतर पलीकडचे, समोरच्या बाजूने. बातमीदाराने पेपर मोठ्याने वाचणं सोडलं. त्याला वाटायला लागलं होतं, की आपल्या तोंडूनच हे सगळं घडतंय.

मग धक्क्यावर नोटीस लागली. पलीकडच्या माणसांनी शेवटच्या बोटीने परत जावं, नाहीतर छावणीत दाखल व्हावं. फक्त एक वाट ठेवली होती. जो जरुरीच्या कामावर आहे, शपथ घेईल, आणि ज्याच्यासाठी इथला कुणी जामीन राहील, त्याला राहता येईल.

दमानेने नोटीस एकदाच वाचली. घरी गेला नाही. तडक कारखान्यात गेला, साहेबांना भेटला, आणि मुकादमाच्या टेबलावर ठसा ठेवला.

मुकादमाने ठशाकडे बघितलं, मग दमानेकडे. "पाहुण्यांशी बोललास?"

"त्यात बोलायचं काय?"

"तरी."

"मुकादम, खण उघडा."

मुकादमाने खण उघडला. त्याला हे पटलेलं नव्हतं, हे खण ज्या आवाजाने बंद झाला त्यावरून कळलं.

आयुष्यभर लोकांना दमाने घ्या म्हणणाऱ्या माणसाने त्या दिवशी ताव येण्याआधीच लोखंड बाहेर काढलं होतं. पण त्याला ते कळलं नाही. तो खुशीत घरी आला. भिंतीवर टकटक न करताच ताईच्या घरात शिरला.

ताई खिडकीशी शीड दुरुस्त करत होती. तळहाताला चामडं बांधलेलं, हातात मोठी सुई. भावोजी चहा गाळत होते.

"भावोजी, काम झालं," दमाने म्हणाला. "तुम्हाला कुठे जायला नको. मी ठसा ठेवला."

भावोजींनी गाळणं खाली ठेवलं. "माझ्यासाठी?"

"मग काय मुकादमासाठी? उद्या सकाळी जाऊन शपथ घ्यायची. आणि घण मारायचा. रोज मारताच की."

"कुणाच्या साखळीवर?"

"आता लढाऊ जहाजांचीच कामं येणार म्हणे."

"माझा धाकटा भाऊ आहे तिकडे," भावोजी म्हणाले.

"तो मासे धरतो ना?"

"धरायचा. आता त्याच्या होडीवर तोफ बसवलीय." भावोजींनी कप भरला आणि दमानेपुढे ठेवला. आवाज चढलेला नव्हता. "मी तुमच्याविरुद्ध हात उचलणार नाही. पण त्याच्यावर जाणाऱ्या जहाजाला साखळी घडवीन अशी शपथ मला घेता येणार नाही. घण उचलेल. शपथ नाही उचलणार."

"एवढीशी तर शपथ."

"हे बघ. बुचवाल्यांना गहूवाल्यांनी शब्द दिला. गहूवाल्यांना तुमच्यांनी. लाकूडवाल्यांना आमच्यांनी. मला कुणी विचारलं नाही. ठीक आहे, ते कुठे माझ्या ओळखीचे. पण तू तर शेजारी राहतोस. भिंतीवर टकटक केली असतीस तरी चाललं असतं."

दमानेने कप बाजूला सारला. "तुमच्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला.

"तेही हेच म्हणतात."

ताईने दोरा दाताने तोडला. "झालं दोघांचं? आता मला विचारा. का माझाही कुणाला शब्द दिलाय?"

"तू राहा, ताई," दमाने घाईने म्हणाला. "लढाई काय, संपेल लवकर. हे येतील परत. तोवर तू इथेच. आपलं घर आहे."

"आणि ह्यांचं कुठलं?"

"ते तिकडे…"

"एकदा तुझा डबा घेऊन आले, तेवढ्यात जन्माची अडकले," ताई म्हणाली. "आता सुटायचं म्हटलं तरी सवय नाही. शिडं तिकडेही फाटत असतील. सुई घेऊन जाते." मग ती उठली, तिने दमानेच्या डोक्यावरून चामडं बांधलेला हात फिरवला, आणि तो हात केसांत अडकला. "चहा पी. गार होतोय."

बोटीच्या दिवशी सकाळी भावोजी नेहमीच्या वेळेला कारखान्यात आले. सामान दाराशी ठेवलं. कोपऱ्यात एका मालवाहू जहाजाची साखळी अर्धवट होती, आणि आदल्या दिवशीची एक कडी ओवलेली पण उघडी राहिली होती. अर्धी कडी टाकून जायचं हे त्यांना जमत नव्हतं. दमानेला त्यात वेगळं काही वाटलं नाही. त्यालाही जमलं नसतं.

दोघांनी ती तापवली. दमानेने ताव बघितला, सांधा स्वच्छ बसावा म्हणून वाळू टाकली, थांबला, आणखी थांबला. मग काढली. शेजारच्या भट्टीवरचा कारागीर दुसऱ्या बाजूने घण मारायला आला. सांधा बसला. एकही घाव जास्तीचा पडला नाही. शेवटच्या कडीवर ठसा मारायची वेळ आली तेव्हा दमानेने सवयीने सदऱ्याच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तो तुकडा शेजाऱ्याच्या ठशाने गेला.

मुकादम खणाशी उभा होता. त्याने खण उघडला नाही. भावोजींनीही मागितलं नाही. रीत दोघांना माहीत होती.

"येतो," भावोजी म्हणाले. "तो भट्टी सांभाळ."

"ती घण इथेच ठेवतो," दमाने म्हणाला.

लढाईच्या सगळ्या वर्षांत दमाने शेजारच्या भट्टीवर मजूर म्हणून घण मारत होता. ज्याला त्याने काम शिकवलं होतं, त्याच्या हाताखाली. तो माणूस संकोचून "तुम्ही सांगा ना" म्हणायचा, तर दमाने म्हणायचा, "भट्टी तुझी, ताव तुझा. मला घाव कुठे ते दाखव." त्याने कधी एक घाव कमी मारला नाही, जास्तही मारला नाही. साखळ्यांची मागणी वाढत गेली तसे साहेब स्वतः आले. म्हणाले, "अरे, घे तो ठसा परत. कारागीर पुरत नाहीत. रीत बीत राहू दे."

"माणूस आला की घेईन."

"तो शत्रू झालाय आता."

"जामीन राहिलो तेव्हा नव्हता."

साहेब गेले. बातमीदाराने विचारलं, "तुझ्या हट्टाने पाहुणे लवकर येणार आहेत का?"

"नाही," दमाने म्हणाला. "पण ठसा घेतला, तर ते येणार नाहीत असं मी कबूल केल्यासारखं होईल."

पत्रं बंद होती. बाजूच्या घरात एक घड्याळजी राहायला आला. एका संध्याकाळी चहा करता करता दमानेने नकळत भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडून घड्याळजीने चिडून चांगलं दहा-बारा वेळा ठोकलं. दमाने बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसला. त्याला राग आला नाही. भिंतीपलीकडून काहीतरी आलं होतं.

कोपऱ्यातल्या भट्टीवर कुणी काम करायला गेलं, की घण भिंतीवर आदळायचा. पोपडे पडायचे. एकेक करून सगळ्यांनी ती सोडून दिली. राख गार झाली.

मग लढाई संपली. कशी संपली ते पेपरात होतं, पण बातमीदाराला वाचायचा उत्साह राहिला नव्हता. काही महिन्यांनी मात्र त्याने एक बातमी मोठ्याने वाचली. गहूवाल्यांशी आपलं बिनसलं होतं, आणि पलीकडच्यांशी मैत्रीचा करार झाला होता.

"म्हणजे आता ते आपले?" मुकादमाने विचारलं.

"एकमेकांच्या मदतीला धावून जायचं, असं लिहिलंय."

"जमिनीवर मांडून दाखवू नकोस," दमाने म्हणाला. "माझा डबा भरलेला आहे."

पहिल्या बोटीने ते आले. धक्क्यावर घड्याळजीचं कळताच ताई सरळ घराकडे गेली, त्याच्याशी भांडायला. भावोजी कारखान्यात आले. केस पांढरे झाले होते, आणि चालताना डावा खांदा जरा खाली राहत होता. दमानेने घण खाली ठेवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काय विचारायचं होतं ते दमानेला माहीत होतं, पण विचारायला धीर होत नव्हता.

"होडी बुडाली," भावोजींनी आपणहून सांगितलं. "पहिल्याच हिवाळ्यात. कुणी बुडवली ते कळलं नाही."

दमानेने मान हलवली. त्याच्या मनात आलं, ज्या जहाजाने ती बुडवली असेल, त्याच्या साखळीवर आपला ठसा नव्हता. आपला घाव नव्हता, असं मात्र त्याला म्हणता येत नव्हतं.

"करार झाला म्हणे," भावोजी म्हणाले. "आधी मला न विचारता शत्रू केलं. आता न विचारता मित्र."

"मी विचारतो," दमाने म्हणाला. "भट्टी पेटवू का?"

भावोजींनी आपल्या खाली पडलेल्या खांद्याकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. "पेटव."

मुकादमाने खण उघडला. ठसा तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला होता, आणि त्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता. "रीत आहे," मुकादम म्हणाला. "आधी उभे राहा भट्टीशी. मग देतो." आणि तो खण उघडा ठेवूनच उभा राहिला.

सगळ्या भट्ट्या थांबल्या. कोपऱ्यातली राख उपसली, निखारे घातले, भाता चालू झाला. एक सुटी कडी वाकवली, टोकं पातळ केली, आत सारली. भावोजींनी डाव्या हातात घण घेतला, तोलून बघितला, दोन्ही हातांनी धरला. लोखंड लाल झालं. पिवळं झालं. एवढी वर्षं त्याने याच क्षणाची वाट पाहिली होती, आणि आता त्याच्याने आणखी थांबवेना. त्याने सांडशी घातली आणि कडी बाहेर ओढली.

"आत घाल," भावोजी म्हणाले. "ताव आला नाही अजून. दमाने."

कारखान्यात कुणी हसलं नाही. दमानेने कडी पुन्हा निखाऱ्यात सरकवली. मग दोघे जण भट्टीसमोर शेजारी शेजारी उभे राहिले आणि ताव येण्याची वाट बघत राहिले.

भावोजी त्यानंतर पुष्कळ वर्षं होते. आता नाहीत. ती कडी दमानेच्या दाराला टेकू म्हणून आहे. दोन रेघा आणि टिंब, जरासं वाकडं बसलेलं, कारण ठसा मारताना हात पुसायला कापड सापडलं नव्हतं आणि डोळे पुसायलाही.

गोदामावरून फिरून आला की दमाने चहा ठेवतो आणि भिंतीवर टकटक करतो. ताईला आता कमी ऐकू येतं. म्हणून तो जरा जोरात ठोकतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.